व्हॉल्व्ह गेले आणि परत आले

बेळगावच्या टिळकवाडीत एक जुनी विहीर आहे. १९२४ सालच्या डिसेंबर महिन्यात येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्या वेळी जमलेल्या लोकांना पाणी मिळावे म्हणून ती खोदली गेली आणि काँग्रेस विहीर ह्याच नावाने ती आजही ओळखली जाते. महात्मा गांधींनी अध्यक्षपद भूषविलेले ते एकमेव अधिवेशन होय. त्या अधिवेशनात स्वागतगीत गाण्याचा मान ज्या मुलींना मिळाला, त्यांत अकरा वर्षांची एक मुलगी होती. पुढे साऱ्या देशाने तिला गंगूबाई हनगल म्हणून ओळखले. आपल्या आयुष्यातील ही आठवण गंगूबाई अखेरपर्यंत मोठ्या कौतुकाने सांगत असत.

ही गोष्ट मी आज संगीताच्या इतिहासाकरिता सांगत नाही. तो कोवळा आवाज त्या दिवशी कानावर पडला आणि विरून गेला. तो जपून ठेवण्याचे चांगले साधन त्या दिवशी जगात कोठेच सिद्ध झालेले नव्हते. तबकड्या होत्या, पण त्यांवर आवाज उतरवावयाचा तर गायकाने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून जवळजवळ ओरडावे लागे. १९०२ साली कलकत्त्यास फ्रेड गैसबर्ग ह्याने गौहरजानचे गाणे घेतले ते असेच. कर्ण्याच्या टोकाशी असलेला पडदा थरथरे, त्याला जोडलेली सुई मेणावर रेघ ओढी, आणि ह्या साऱ्या व्यवहाराला लागणारी शक्ती गायकाच्या फुप्फुसातूनच यावी लागे. हळुवार आलाप, तंबोऱ्याची आस, शब्दांच्या शेवटी रेंगाळणारा श्वास, ह्यांतले काहीच त्या मेणापर्यंत पोचत नसे. टिळकवाडीतील त्या अधिवेशनानंतर काही महिन्यांतच, १९२५ साली, विजेच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण करण्याची पद्धत अमेरिकेतील कंपन्यांनी स्वीकारली आणि हे चित्र पालटले. ते पालटविणारी वस्तू म्हणजे हाताच्या बोटाएवढी काचेची नळी. तिला शास्त्रात निर्वात नलिका म्हणतात. आपण सारे तिला व्हॉल्व्ह म्हणून ओळखतो.

ह्या व्हॉल्व्हविषयी आज बोलावयाचे, त्याला एक घरगुती निमित्त आहे. सुमारे चाळीस वर्षे आमच्या घरी ट्रान्झिस्टरवर चालणारा अॅम्प्लिफायर होता. दोन वर्षांपूर्वी मी तो बाजूला ठेवला आणि त्याच्या जागी व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर आणला. शेजाऱ्यांनी विचारले, ‘‘अहो, जग पुढे चालले आहे आणि तुम्ही मागे का जाता?’’ प्रश्न रास्त होता. मी त्या वेळी दिलेले उत्तर मात्र, आता विचार करता, तितके रास्त नव्हते. म्हणून ते आज जरा नीट देण्याचा प्रयत्न करतो.

व्हॉल्व्हचे मूळ विजेच्या दिव्यात आहे. दिव्यातील तापलेल्या तारेपासून पोकळीमध्ये काहीतरी विद्युत्‌प्रवाह वाहतो, हे एडिसनच्या १८८० नंतरच्या प्रयोगांत आढळून आले होते. पण त्याचा उपयोग काय, हे त्याला उमगले नाही. १९०४ साली इंग्लंडमध्ये जॉन अँब्रोझ फ्लेमिंग ह्याने त्या तारेसमोर धातूची एक पट्टी बसविली आणि प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारी नळी बनविली. पाण्याच्या झडपेसारखे तिचे वागणे, म्हणून तिला व्हॉल्व्ह हे नाव पडले. त्यानंतर दोन वर्षांनी अमेरिकेत ली डी फॉरेस्ट ह्याने तार आणि पट्टी ह्यांच्या मध्ये तारेची एक जाळी घातली. ही जाळीच खरी क्रांतिकारक ठरली. जाळीला दिलेला अगदी क्षीण विद्युत्‌संदेश मधून वाहणाऱ्या मोठ्या प्रवाहाला आवरू किंवा सोडू शकतो. पाटाच्या तोंडाशी बसलेला शेतकरी एका फळीने जसे सारे पाणी वळवितो, तसाच हा प्रकार. सूक्ष्म आवाजाचे मोठे चित्र काढता येऊ लागले ते ह्या जाळीमुळे. १९१५ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्याशी टेलिफोनवर बोलणे शक्य झाले, ते वाटेत ठिकठिकाणी बसविलेल्या अशाच नळ्यांच्या बळावर. दहा वर्षांनी तीच विद्या ध्वनिमुद्रणात आली. गायकाने आता कर्ण्यात ओरडण्याची गरज उरली नाही. तो मायक्रोफोनसमोर बसून गाऊ लागला आणि उरलेले श्रम व्हॉल्व्हने घेतले. तिसाव्या दशकात गंगूबाईंच्या तबकड्या निघाल्या. आरंभीच्या तबकड्यांवर त्यांचे नाव ‘गांधारी’ असे आहे. पुढे घशावरील शस्त्रक्रियेनंतर त्यांचा आवाज रुंद व भारदस्त झाला. त्याच्या आधीचा बारीक, तल्लख आवाज आज आपण ऐकू शकतो, तो ह्या काचेच्या नळीच्या कृपेने.

आपल्या भागातील घराघरांत हा व्हॉल्व्ह शिरला तो रेडिओच्या पोटात बसून. १९५० सालच्या जानेवारीत धारवाडचे नभोवाणी केंद्र सुरू झाले, १९५३ मध्ये पुण्याचे आणि १९६३ मध्ये सांगलीचे. मर्फी, फिलिप्स, बुश, नॅशनल-एको ही नावे त्या वेळी घरातल्या माणसांसारखी परिचयाची होती. दिवाणखान्यात उंच फळीवर, विणलेल्या झालरीखाली रेडिओ असे. बटण फिरविले की लगेच आवाज येत नसे. आत तारा तापावयास अर्धा मिनिट लागे. मग हलकी गुणगुण, तापलेल्या धुळीचा वास, आणि समोरच्या बाजूला हळूहळू उमलणारा तो हिरवा जादूचा डोळा! केंद्र नीट लागले की त्या डोळ्याची पापणी मिटत येई. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. त्या निर्णयाने माणसांच्या मनात जे काही घडले ते सर्वश्रुत आहे. पण रेडिओच्या काट्याला सीमा ठाऊक नव्हती. एकाच तबकावर धारवाडचे कानडी भाषण, पुण्याचे कीर्तन आणि सिलोनची गाणी शेजारी शेजारी नांदत. मल्लिकार्जुन मन्सूरांचा ख्याल लागला म्हणजे ऐकणाऱ्याची मातृभाषा कोणती, हे विचारावयास कोणाला सवड नसे.

ह्या सीमाभागाला व्हॉल्व्हने आणखीही एक सेवा दिली. १९५५ सालच्या नोव्हेंबरात गोव्याच्या सरहद्दीवरील रानातून स्वातंत्र्याचा एक गुप्त रेडिओ बोलू लागला. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो ही दोघे तो चालवीत. प्रथम आंबोलीच्या बाजूने आणि पुढे कॅसल रॉकच्या जंगलातून, साप-विंचवांच्या सोबतीत, त्यांनी सहा वर्षे हे काम केले. दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिलढ्यात हाती लागलेल्या बिनतारी यंत्रांपासून ते प्रक्षेपक तयार झाले होते. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला तेव्हाच तो आवाज थांबला. त्याच वर्षी बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात रेडिओचे व्हॉल्व्ह बनू लागले. देशाने ही विद्या हस्तगत केली, आणि गंमत अशी की पुढच्याच वर्षी त्याच कारखान्यात तिची जागा घेणारी वस्तूही तयार होऊ लागली. ती वस्तू म्हणजे ट्रान्झिस्टर.

ट्रान्झिस्टरचा जन्म १९४७ सालच्या डिसेंबरातला. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बार्डीन आणि ब्रॅटन ह्यांनी जर्मेनियमच्या एका तुकड्यावर सोन्याची दोन टोके टेकवून व्हॉल्व्हचे काम पोकळीवाचून आणि तापलेल्या तारेवाचून करून दाखविले. शॉक्ली ह्याने त्या विद्येला पुढचे रूप दिले. १९५६ चे नोबेल पारितोषिक ह्या तिघांना मिळाले. ट्रान्झिस्टरच्या बाजूने काय नव्हते? व्हॉल्व्हला अडीचशे-तीनशे व्होल्टचा दाब लागे, ह्याला नऊ व्होल्टचे सेल पुरत. व्हॉल्व्ह तापे, फुटे, दोन-चार वर्षांनी क्षीण होई. हा थंड, चिवट आणि चिमुकला. विजेचे तार जेथे पोचले नव्हते अशा खेड्यांत रेडिओ पोचला तो ट्रान्झिस्टरमुळेच. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत, खानापूरच्या भातशेतीच्या बांधावर, एसटीच्या थांब्यावर माणसे बातम्या ऐकू लागली. ह्या उपकाराचे मोल कमी लेखून व्हॉल्व्हची स्तुती करणे कृतघ्नपणाचे ठरेल.

आमच्या घरी हा बदल सत्तरीच्या दशकात झाला. जुना रेडिओ वडिलांनी भंगारवाल्याला दिला. त्याने तो तराजूत घातला आणि वजनावर पैसे दिले. आतला भला मोठा ट्रान्सफॉर्मर होता म्हणून वजन बरे भरले, एवढाच त्या यंत्राचा सन्मान. वडील त्या दिवशी अजिबात हळहळले नाहीत. नव्या वस्तूचे त्यांना कौतुक होते आणि ते योग्यच होते. तबकड्या वाजविण्यासाठी पुढे ट्रान्झिस्टरचा अॅम्प्लिफायर आला. आवाज मोठा, स्वच्छ आणि बटण दाबताच हजर. तरीही रात्री सारे शांत झाल्यावर कमी आवाजात ख्याल लावला की काहीतरी बोचत असे. तंबोरा विरत जाताना शेवटी तो जणू वाळूवरून घासत जाई. मला वाटे, हा माझ्या मनाचा खेळ असेल.

तो निव्वळ मनाचा खेळ नव्हता. त्या काळातील पुष्कळ ट्रान्झिस्टर-अॅम्प्लिफायरांत एक दोष खरोखरीच होता आणि तो समजण्यास सोपा आहे. आवाजाच्या लाटेला चढ असतो आणि उतार असतो. वीज वाचविण्यासाठी ह्या यंत्रांत चढाचा भार एक ट्रान्झिस्टर उचली आणि उताराचा दुसरा. उखळात भात कांडताना दोघीजणी आळीपाळीने मुसळ घालतात, त्यासारखीच ही जोडी. दोघींचा ताल जमला तर काम अखंड चालते. पण पहिलीचे मुसळ उठल्यावर दुसरीने पळभर उशीर केला तर मध्ये रिकामी जागा राहते. तशीच बारीक खाच प्रत्येक लाटेच्या मध्यावर पडे. मोठ्या आवाजात ती झाकून जाई, पण हळू आवाजात लाटच लहान असल्याने खाच मोठी वाटे. आणि आपले गाणे तर हळू आवाजातच आरंभ होणारे!

येथे थोडा स्वरशास्त्राचा आधार घेऊ. कोणतेही यंत्र आवाजाला किंचित वाकडे करते म्हणजे मूळ स्वरात नसलेले स्वर त्यात मिसळते. मूळ स्वराच्या दुप्पट कंपनांचा, तिप्पट कंपनांचा, चौपट कंपनांचा, अशी त्यांची मालिका असते. मूळ स्वर षड्ज धरला तर दुप्पट म्हणजे तार षड्ज, तिप्पट म्हणजे त्याच्या वरचा पंचम, चौपट म्हणजे अतितार षड्ज, आणि पाचपट म्हणजे त्याहीवरचा गांधार. तंबोऱ्यातून जो स्वयंभू गांधार ऐकू येतो तो हाच. येथपर्यंत सारे स्वर सुरेल आहेत. सातपटीपासून मात्र अडचण सुरू होते. तो स्वर आपल्या कोमल निषादाच्याही खाली कोठेतरी पडतो आणि कोणत्याच सप्तकात सुखाने बसत नाही. नऊपट, अकरापट हे तर कानाला खडे लागल्यासारखे. आता फरक असा की साध्या रचनेचा, एकच व्हॉल्व्ह शेवटी असलेला अॅम्प्लिफायर जो दोष करतो त्यात दुप्पट कंपनांचा, म्हणजे तार षड्जाचा, भाग सर्वांत मोठा असतो. रामभाऊ विजापुरे ह्यांच्यासारखा हार्मोनियमवादक ज्या बेळगावात घडला, तेथे हे समजाविणे कठीण नाही. कपलरची पेटी आपण पाहिली आहे. एक पट्टी दाबली की वरच्या सप्तकातील तोच स्वर आपोआप बोलतो आणि सूर भरल्यासारखा वाटतो. व्हॉल्व्हची ती प्रसिद्ध ‘ऊब’ म्हणजे पुष्कळ अंशी हा कपलरचाच परिणाम होय. उलट लाटेच्या मध्यावरील त्या खाचेतून सातपट, नऊपट असे विजोड स्वर निघतात. मोजमापाच्या कागदावर पहिल्याचा दोष टक्क्यांत मोठा दिसेल आणि दुसऱ्याचा लहान. कान मात्र निकाल उलटा देतो.

हे दोष कमी करण्याची युक्ती जुनीच होती. १९२७ सालच्या ऑगस्टमधील एका सकाळी हॅरल्ड ब्लॅक नावाचा अमेरिकन अभियंता होडीतून नदी ओलांडून कामाला चालला असता त्याला ती सुचली आणि हातातल्या वर्तमानपत्राच्या पानावरच त्याने ती टिपून ठेवली. यंत्रातून बाहेर पडणाऱ्या आवाजाचा एक अंश उलटा करून पुन्हा आत द्यावयाचा, म्हणजे यंत्र स्वतःची चूक स्वतःच खोडते. इंग्लंडमध्ये डी. टी. एन. विल्यमसन ह्याने १९४७ साली ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात प्रसिद्ध केलेला व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर ह्या युक्तीचा सुंदर नमुना होता आणि जगभरच्या हौशी माणसांनी तो घरी बांधला. ट्रान्झिस्टरवाल्यांनी हीच युक्ती फार मोठ्या प्रमाणावर वापरली. पण त्या वेळचे शक्तिशाली ट्रान्झिस्टर मंदगती होते. तबल्याच्या थापेसारखा एकाएकी येणारा आवाज आला की चूक खोडण्याचा हुकूम पोचेपर्यंत चूक घडून गेलेली असे. फिनलंडमधील मॅटी ओटाला ह्याने १९७० च्या सुमारास हा दोष शास्त्रीय रीतीने पुढे मांडला. १९७३ मध्ये रसेल हॅम ह्या अमेरिकन अभियंत्याने ध्वनिमुद्रणगृहातील व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर क्षमतेपलीकडे नेले असता कसे वागतात, ह्याची तुलना प्रसिद्ध केली. कानांची तक्रार प्रथमच मोजमापाच्या भाषेत बोलू लागली.

म्हणजे व्हॉल्व्ह पुन्हा सिंहासनावर बसला काय? तसे नाही. तो एका कोपऱ्यात जिवंत राहिला एवढेच. अमेरिकेत विल्यम जॉन्सन ह्याने १९७० साली, साऱ्या व्यापाराने पाठ फिरविली असताना, व्हॉल्व्हचे अॅम्प्लिफायर बनविणारी कंपनी काढली. जपानमध्ये काही हौशी मंडळींनी चित्रपटगृहांच्या अडगळीतले १९३० च्या दशकातले व्हॉल्व्ह शोधून काढून त्यांवर घरगुती यंत्रे बांधली. आणि ज्या देशाने व्हॉल्व्हचे कारखाने बंदच केले नाहीत तो देश म्हणजे सोव्हिएत रशिया. १९७६ साली बेलेन्को नावाचा रशियन वैमानिक मिग-२५ हे लढाऊ विमान घेऊन जपानमधील हाकोदाते येथे उतरला. विमान उघडून पाहता त्याच्या रडारमध्ये व्हॉल्व्ह निघाले. प्रथम तज्ज्ञ हसले. मग त्यांच्या ध्यानात आले की प्रचंड शक्तीचे रडार त्या काळी चालवावयाचे तर व्हॉल्व्ह हेच साधे आणि दणकट साधन होते. पुढे सोव्हिएत राज्य कोसळले आणि लष्करासाठी चालविलेल्या त्याच कारखान्यांनी साऱ्या जगाच्या संगीतप्रेमी लोकांना आणि गिटारवाल्यांना व्हॉल्व्ह पुरविले. आज रशियातील सारातोव्ह, स्लोव्हाकिया आणि चीन ह्या मोजक्या ठिकाणीच ते मोठ्या संख्येने बनतात. २०२२ साली युक्रेनचे युद्ध पेटले तेव्हा रशियन व्हॉल्व्हचा पुरवठा अडला आणि भाव एकदम चढले. टिळकवाडीतल्या एका खोलीतील यमनचा सूर कोठल्या रणांगणाशी बांधलेला आहे, हे त्या वेळी आम्हांला कळले.

आता मी माझ्या शेजाऱ्यांना दिलेल्या उत्तराकडे येतो. मी त्यांना म्हटले होते की, व्हॉल्व्हचा आवाज खरा आणि ट्रान्झिस्टरचा खोटा. हे विधान टिकणारे नाही. वर सांगितलेले दोष हे पहिल्या पिढीच्या ट्रान्झिस्टर-यंत्रांचे होते. पुढच्या वीस वर्षांत अभियंत्यांनी ते एकेक करून दूर केले. आज बेताच्या किमतीचे चांगले ट्रान्झिस्टर-यंत्र मूळ ध्वनीत जी भर घालते ती माणसाच्या कानाला कळण्याइतकीही नसते. १९८५ साली बॉब कार्व्हर ह्या अमेरिकन अभियंत्याने एका मासिकाच्या संपादकांना आव्हान दिले की, तुम्ही कोणताही उंची अॅम्प्लिफायर निवडा, माझे स्वस्त ट्रान्झिस्टर-यंत्र मी त्याच्यासारखेच बोलते करून दाखवितो. संपादकांनी निवडलेले यंत्र व्हॉल्व्हचे होते. कार्व्हरने हॉटेलच्या खोलीत बसून आपल्या यंत्रात फेरफार केले, आणि अखेरीस संपादकांना दोहोंतला फरक ओळखता आला नाही. ह्यातील मर्म लक्षात घेण्याजोगे आहे. त्याने आपले यंत्र सुधारले नाही. व्हॉल्व्हच्या यंत्रात जे दोष होते ते त्याने मोजून आपल्या यंत्रात घातले! ज्याला आपण आत्मा समजत होतो तो मोजता येण्याजोगा गुणधर्म निघाला.

एवढे वाचल्यावर मला स्वतःची परीक्षा घ्यावीशी वाटली. दोन्ही यंत्रे पडद्यामागे ठेवली. भाच्याला बदलण्याच्या कामावर बसविले. दोहोंचा आवाज मीटरने मोजून अगदी सारखा केला, कारण किंचित मोठा आवाज माणसाला नेहमीच अधिक चांगला वाटतो आणि दुकानातल्या पुष्कळशा तुलना तेथेच फसतात. मग डोळे मिटून ऐकले. बेताच्या आवाजात, ख्याल असो वा सतार, माझी उत्तरे निम्म्याच्या आसपास बरोबर आली. नाणे उडविले असते तरी तितकीच आली असती. आवाज खूप वाढविला तेव्हा मात्र व्हॉल्व्हचे यंत्र मला ओळखता येऊ लागले, कारण ते थकत होते. ते कर्कश न होता सौम्यपणे थकते, हा त्याचा गुण. पण थकते, हे खरेच. भाचा हसला नाही. मलाच थोडे ओशाळल्यासारखे झाले.

दुसरीही एक गोष्ट त्यानंतर सुचली. १९२५ पासून साठीपर्यंतचे जे गाणे तबकड्यांवर आहे, ते मायक्रोफोनपासून तबकडी कापणाऱ्या सुईपर्यंत व्हॉल्व्हमधूनच गेलेले आहे. व्हॉल्व्हचा जो काही रंग असेल तो त्यावर चढलेलाच आहे. आपण घरी पुन्हा व्हॉल्व्ह लावतो तेव्हा त्याच रंगाचा दुसरा हात देतो. तो आवडला तर जरूर द्यावा. पण त्यामुळे आपण मूळ मैफलीच्या अधिक जवळ जातो, असे मानण्यास आधार नाही.

मग व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर मी ठेवला का? ठेवला आहे, आणि त्याची कारणे सांगतो. पहिले म्हणजे तो माझ्या लहान खोलीला पुरतो. त्यात ई एल ८४ ह्या जातीचा एकेक व्हॉल्व्ह दोन्ही बाजूंना आहे. प्रत्येकातून फार तर पाच वॉट आवाज निघतो. कार्यक्षम स्पीकर असेल तर घरात तेवढा पुष्कळ होतो. दुसरे, तो दुरुस्त करता येतो. प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो, सुटा काढता येतो. माझ्या जुन्या यंत्रातला एक लहानसा भाग गेला तेव्हा तो कोठेच मिळेना आणि सारे यंत्रच निकामी ठरले, हा अनुभव ताजा आहे. तिसरे कारण जरा व्यक्तिगत आहे. बटण लावल्यावर तारा तापेपर्यंत जो अर्धा मिनिट थांबावे लागते, त्यात मी तबकडी पुसतो, खुर्ची ओढतो आणि गाणे ऐकावयास बसतो. पूर्वी मी गाणे लावून दुसरेच काम करीत असे.

ज्यांना हा मार्ग धरावयाचा आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. व्हॉल्व्हच्या यंत्रात जिवावर बेतणारा विजेचा दाब असतो आणि बटण बंद केल्यावरही आतील कपॅसिटर तो काही काळ धरून ठेवतात. म्हणून झाकण उघडण्याचे धाडस माहीतगाराखेरीज कोणी करू नये. दहा वॉट आवाजासाठी हे यंत्र त्याच्या कित्येक पट वीज खाते आणि उन्हाळ्यात खोली तापविते. बेळगावात पावसाळ्यात विजेचा दाब खालीवर होतो, तेव्हा चांगला स्टॅबिलायझर हवाच. दाब फार चढला तर व्हॉल्व्हचे आयुष्य झपाट्याने घटते. ट्रान्सफॉर्मर ह्या यंत्राचा कणा होय. व्हॉल्व्हला कित्येक हजार ओहमचा भार हवा असतो आणि स्पीकर चार-आठ ओहमचा. त्या दोहोंचे लग्न हा ट्रान्सफॉर्मर लावतो. तो हलका असेल तर महागातले महाग व्हॉल्व्ह व्यर्थ. आणि हाती बेताचाच पैसा असेल तर तो आधी स्पीकरवर खर्च करावा. आवाजातला खरा फरक तेथे पडतो, अॅम्प्लिफायरचा क्रम त्यानंतरचा.

पण त्याहूनही महत्त्वाची एक गोष्ट सांगून मी आपली रजा घेतो. भंगारात गेलेला व्हॉल्व्ह आज सारातोव्हहून किंवा चीनहून पुन्हा आणता येतो. त्या रेडिओबरोबर ज्या तबकड्या भंगारात गेल्या त्या मात्र कोणत्याही कारखान्यात पुन्हा बनावयाच्या नाहीत. बेळगाव, शहापूर, निपाणी, चिकोडी येथील जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर, लाकडी पेट्यांत, अजूनही लाखेच्या तबकड्या पडून आहेत. त्या आडव्या रचल्या तर वजनाने तडकतात, उन्हात वाकतात, आणि घर पाडताना तर मातीच्या ढिगाऱ्यात जातात. आपल्या घरी अशी पेटी असेल तर ती खाली काढावी, तबकड्या उभ्या ठेवाव्यात, त्यांवरची नावे वहीत उतरवून घ्यावीत आणि जाणकाराकडून त्यांचा ध्वनी उतरवून ठेवावा. तो व्हॉल्व्हवर उतरविला की ट्रान्झिस्टरवर, ह्याने काही बिघडत नाही. टिळकवाडीच्या मंडपात १९२४ साली त्या मुलीने गायलेले गीत आपल्याला कधीच ऐकावयास मिळणार नाही. त्यानंतरचे जे मिळू शकते ते तरी आपल्या हयगयीने जाऊ नये.